तार तुटली कोठें?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत, नागझिऱ्याच्या रानाला लागून, चोरखमारा नांवाचें एक गांव आहे. वाघ पाहावयास जाणाऱ्या शहरी मंडळींना तें अभयारण्याच्या एका फाटकाचें नांव म्हणून ठाऊक असतें. त्या मुलखांतील शेतकऱ्यांना तें तलावाचें नांव म्हणून ठाऊक असतें. हा सारा प्रदेशच तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेले मालगुजारी तलाव आणि पुढें इंग्रजी अमदानींत सरकारनें बांधलेले मोठे तलाव यांच्या पाण्यावर येथील धान पिकतें. चोरखमाऱ्याचा तलाव हा या दुसऱ्या प्रकारांतला.

तलावाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाच्या अंगीं एक विद्या आपोआप येते. पाटाच्या शेवटच्या टोकाला त्याचें बांधीचें शेत असतें, आणि पाणी सुटल्याची वार्ता गांवभर होऊनहि त्याच्या बांधींत एक ओंजळ पाणी येत नाहीं. अशा वेळीं तो तलावाला शिव्या देत बसत नाहीं. तो पाटाच्या कडेनें उलटा चालूं लागतो. वाटेंत पाट ओला दिसला तर पाणी येथवर पोंचलें. कोरडा दिसला तर घोटाळा याच्याहि वरच्या अंगाला आहे. कोठें बांध फुटलेला असतो, कोठें वरच्या शेतकऱ्यानें मातीचा गोळा घालून पाणी आपल्याकडे वळविलेलें असतें, आणि कधीं कधीं कांहींच बिघडलेलें नसतें. त्या दिवशीं त्याची पाळीच नसते. तिन्हीं वेळां शेत कोरडेंच राहतें, पण उपाय तीन वेळां तीन निराळे. दूरच्या यंत्राशीं संबंध जोडतांना जो खोळंबा होतो, त्याचा सारा इतिहास या पाटावरच्या फेरीसारखा आहे.

आज चोरखमाऱ्यासारख्या गांवीं एखादा शिकलेला मुलगा संगणक घेऊन बसतो आणि पुण्या-मुंबईच्या, क्वचित् परदेशच्या मंडळींसाठीं आज्ञावल्या लिहितो, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूच्या तारा नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ सालीं मंजूर झाली. २०१५ पासून ती भारतनेट या नांवानें ओळखली जाते. मुलगा जें लिहितो तें त्याच्या घरीं राहून चालत नाहीं. तें हजारों मैल दूरच्या एका यंत्रावरील दप्तरांत जमा व्हावें लागतें, कारण त्याच आज्ञावलीवर आणखी दहाजण काम करीत असतात.

हें दप्तर म्हणजे काय, हें समजण्यास तलाठ्याची फेरफार नोंदवही डोळ्यांपुढें आणावी. जमिनीच्या हक्कांत झालेला प्रत्येक बदल तींत अनुक्रमानें नोंदला जातो. जुनी नोंद खोडली जात नाहीं, तिच्या खालीं नवी येते. कोणी, केव्हां, काय बदललें हें पुढें केव्हांहि काढून पाहतां येतें. आज्ञावल्यांसाठीं अशी वही अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं सिद्ध केली. १९८२ च्या सुमारास वॉल्टर टिची यांची आली, आणि १९८६ सालीं ॲमस्टरडॅमच्या डिक ग्रून यांनीं सीव्हीएस नांवाची वही रचली. सीव्हीएसचें वैशिष्ट्य असें कीं, एकाच मजकुरावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें ही सोय तींत होती. अनेकजण म्हटले कीं अंतर आलें, आणि अंतर आलें कीं मधली तार आली. येथेंच घोडें पेंड खातें.

तार मात्र वहीपेक्षां पुष्कळ जुनी. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रसायन शिकविणारे डॉक्टर ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं हिंदुस्थानांत तारेचे पहिले प्रयोग केले. १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालूं झाली आणि १८५५ सालीं तारखातें सर्व जनतेस खुलें झालें. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वे भंडाऱ्याच्या मुलखांतून पुढें सरकली, १८८७ सालीं निघालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें ती आपल्या हातीं घेतली, आणि तिरोडा-गोंदियाच्या बाजूनें रुळांच्या कडेला तारेचे खांब उभे राहिले. रान घनदाट, पावसाळा चार महिन्यांचा. तार बंद पडणें ही रोजचीच बाब असावयाची.

तारमास्तरांच्या परिभाषेंत दोष तीन प्रकारचे. तार तुटणें हा एक, तार जमिनीस लागणें हा दुसरा, आणि शेजारच्या दोन तारा एकमेकींस चिकटणें हा तिसरा. यांतील प्रत्येकाचें लक्षण निराळें. तार तुटली असेल तर प्रवाह मुळीं वाहतच नाहीं. जमिनीस लागली असेल तर प्रवाह जोरानें वाहतो, पण तो मुक्कामाला न पोंचतां वाटेंतच मातींत मुरतो. दोन तारा चिकटल्या तर एकीचा निरोप दुसरीवर ऐकूं येतो. तेव्हां खोलींत बसलेला मास्तर यंत्राची सुई कशी हलते हें पाहून रोगाची जात ओळखी, आणि मग एकेका स्टेशनला हांक मारून कोणतें शेवटचें स्टेशन उत्तर देतें हें ताडून पाही. त्या स्टेशनच्या पलीकडे आणि न बोलणाऱ्या स्टेशनच्या अलीकडे दोष असावयाचा. तेवढ्याच टापूंत लाइनमनला पाठवावयाचें. आधीं दिशा, मग पायपीट.

जमिनीवर हें ठीक. पण समुद्राच्या तळाशीं असलेल्या तारेचें काय? १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड आगबोटीनें मुंबई ते एडन ही समुद्री तार टाकली आणि मुंबई सुवेझमार्गें थेट विलायतेशीं जोडली गेली. त्या तारेंत बिघाड झाला तर मधें हांक मारण्यास स्टेशन नाहीं आणि चालत जाण्यास वाट नाहीं. त्यावर शास्त्रज्ञांनीं काढलेली युक्ति इतकी सुंदर आहे कीं ती शाळेंतल्या मुलांना जरूर सांगावी. तांब्याची तार विजेला जो अडथळा करते तो तिच्या लांबीच्या प्रमाणांत असतो. एका मैलाचा अडथळा ठाऊक आहे, किनाऱ्यावर बसून दोषाच्या जागेपर्यंतचा एकूण अडथळा मोजला, भागाकार केला, मैल निघाले. मोजण्याचें साधन म्हणजे व्हीटस्टनचा सेतु. शोध क्रिस्टी नांवाच्या गणित्याचा, १८३३ सालचा, परंतु नांव झालें व्हीटस्टनचें, असाच जगाचा न्याय. पुढें मरे आणि व्हार्ली यांनीं या मोजणींत आणखी सुधारणा केल्या. आंकडा हातीं आला कीं जहाज त्या ठिकाणीं जाई, आंकड्यानें तळाशीं चांचपून तार वर उचली आणि सांधी. किनारा न सोडतां समुद्राच्या पोटांतील जखमेची जागा सांगणें, ही एकोणिसाव्या शतकाची मोठीच करामत होय.

संगणकांची जोडणी आपल्या देशांत आली ती मुंबईच्या दारानें. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें अर्नेट हें शैक्षणिक जाळें उभारण्यास आरंभ केला. त्यांत बंगळूरची विज्ञानसंस्था होती, पांच आयआयटी होत्या, आणि मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, होतें. १९८७ सालीं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्यें साध्या टेलिफोनच्या तारेवरून विद्युत्-पत्रांची देवघेव झाली. १९८९ सालीं मुंबईहून अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्याशीं कायमची जोडणी झाली. तिचा वेग सेकंदास ९६०० बिट, म्हणजे सेकंदाला हजार-बाराशें अक्षरें! देशभरच्या प्राध्यापकांची पत्रें या एका बारीक नळींतून बाहेर जात. त्याच वर्षीं भारताचें ‘डॉट इन’ हें आडनांवहि एनसीएसटीनेंच नोंदविलें. या केंद्राचे त्या वेळचे प्रमुख श्रीनिवासन् रामाणी यांचा २०१४ सालीं इंटरनेटच्या सन्मानसभेंत समावेश झाला. केंद्र स्वतः २००२ सालीं सी-डॅकमध्यें विलीन झालें. मुंबईंतील फारच थोड्या लोकांना त्याचें नांव ठाऊक आहे, ही खेदाची गोष्ट होय.

जोडणी आली तशीं तिची दुखणीं आलीं. दूरचें यंत्र बोलत नाहींसें झालें कीं तारमास्तराप्रमाणें हांक मारण्याचें साधन हवें होतें. अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेंत माइक म्यूस यांनीं १९८३ च्या डिसेंबरांत, समोर आलेला एक बिघाड शोधावयाचा म्हणून, एका संध्याकाळीं छोटीशी आज्ञावली लिहिली आणि तिला ‘पिंग’ हें नांव दिलें. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून हें नांव आलें. हांक मारावयाची आणि पडसाद किती वेळानें येतो तें पाहावयाचें, इतकेंच तिचें काम. चार वर्षांनीं व्हॅन जेकबसन यांनीं ‘ट्रेसरूट’ लिहिलें. वाटेंतल्या प्रत्येक टप्प्याकडून क्रमानें पोंच मागवीत जावयाची, आणि पोंच कोठें थांबते तें पाहावयाचें. तारमास्तराची स्टेशनामागून स्टेशन हांक मारण्याची रीत पुन्हां जन्मास आली, ती नव्या नांवानें.

येथपर्यंत प्रश्न एकच होता: तार जिवंत आहे कीं नाहीं? १९९५ सालीं प्रश्न बदलला. फिनलंडमध्यें हेलसिंकीच्या तंत्र-विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी चोरून कान लावून बसला आणि तारेवरून उघडे जाणारे परवलीचे शब्द त्यानें टिपून घेतले. तोंवर दूरच्या यंत्रांत शिरण्याची जुनी रीत, टेलनेट, परवलीचा शब्द पोस्टकार्डासारखा उघडा पाठवीत असे. सीव्हीएसच्या एका पद्धतींत तर परवलीवर इतकें पातळ पांघरूण असे कीं, तें असून नसल्यासारखेंच. त्या विद्यापीठांतील टाटू युलेनेन यांनीं चोरीनंतर एसएसएच ही नवी रीत लिहिली आणि त्याच वर्षीं ती सर्वांस मोफत दिली. तिला मिळालेलें दार क्रमांक २२ चें. एका बाजूस २१ क्रमांकाचें फाइली नेण्याचें, दुसऱ्या बाजूस २३ क्रमांकाचें टेलनेटचें. योगायोग असा कीं, हिंदुस्थानांत सामान्य माणसाला इंटरनेट मिळालें तेंहि त्याच वर्षीं, १५ ऑगस्टला.

एसएसएचची रीत अशी. प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, ती घराबाहेर जात नाहीं. दुसरी उघडी, ती दूरच्या यंत्राजवळ ठेवलेली असते. यंत्र असा सवाल टाकतें कीं, ज्याच्याजवळ गुप्त किल्ली आहे त्यालाच त्याचा जबाब देतां यावा. आणि जबाब देतांना किल्ली दाखवावी लागत नाहीं. यंत्रालाहि स्वतःची अशीच किल्ली असते, म्हणजे समोरचें यंत्र खरेंच तें आहे कीं कोणी तोतया आहे, याचीहि परीक्षा होते. भाऊसाहेबांच्या तोतयाची कथा ज्या भाषेंत घरोघर ठाऊक आहे, तींत या परीक्षेचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

यानंतर जोडणी होईना, तर त्याचा अर्थ तार तुटली असाच राहिला नाहीं. पुष्कळदां तार धड असते, पण दार उघडत नाहीं. चोरखमाऱ्याच्या त्या मुलापुढें पडद्यावर जें वाक्य उमटतें, तें म्हणूनच नीट वाचलें पाहिजे. ‘यंत्राचें नांव सांपडलें नाहीं’ असें उत्तर आलें तर निरोप गांवाबाहेरहि पडलेला नाहीं; पत्त्याशिवाय पत्र टाकावें तसें झालें. दोष बहुधा घरांत किंवा जवळच्याच जोडणींत असतो. ‘वेळ संपली’ असें आलें तर हांक गेली आणि कोणींच ओ दिली नाहीं. पाट मधें कोठें तरी फुटला, अथवा कोणा पहारेकऱ्यानें पाणी गुपचूप अडविलें. ‘जोडणी नाकारली’ हें वाक्य मात्र ऐकावयास कठोर, पण मोठें शुभ आहे. नकार देणारा कोणी तरी पलीकडे जिवंत आहे, म्हणजे सबंध वाट धड आहे. फक्त त्या दारापाशीं या घटकेला कोणी बसलेलें नाहीं. आणि ‘परवानगी नाहीं’ असें आलें तर तार, वाट, यंत्र, दार हें सारें उत्तम आहे. पाळीच्या यादींत नांव नाहीं, किंवा किल्ली दुसरीच दाखविली, किंवा माणूस आपल्या नांवानें दार ठोठावतो आहे आणि तेथें सर्वांनीं ‘गिट’ याच एका नांवानें ठोठवावयाचें असतें. गुप्त किल्लीची फाइल घरच्या यंत्रावर इतरांना वाचतां येईल अशी मोकळी ठेवली असेल, तर एसएसएच ती किल्ली हातीं धरण्यासच नकार देते. कडक खरी, पण बरोबर आहे.

ही वाक्यें न वाचतां माणसें काय काय करतात! परवानगी नाहीं असें पलीकडून स्पष्ट कळवलेलें असतांना घरचा राउटर बंद करून पुन्हां चालूं करतात, कंपनीला फोन करतात, संगणक नवा घेण्याच्या गोष्टी बोलतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. वस्तुतः एसएसएचलाच अधिक बोलकें होण्याची आज्ञा देतां येते. मग ती प्रत्येक पायरी सांगत जाते: पत्ता मिळाला, दार उघडलें, यंत्राची ओळख पटली, ही किल्ली दाखविली, ती नाकारली. शेवटची ओळ कोणती, एवढेंच पाहावयाचें. तारमास्तराची सुई याहून पुष्कळ कमी बोलत असे.

कधीं दोष खरोखरच वाटेवर असतो. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री तारा निकामी झाल्या आणि भारताच्या इंटरनेटचा मोठा भाग एकाएकीं लुळा पडला. दोन्हीं तारांचे फांटे मुंबईस येतात, तेंहि जवळजवळ १८७० च्याच मार्गानें. जहाजें गेलीं, तारा उचलल्या आणि सांधल्या. दोषाची जागा मोजण्याची रीतहि मुळांत तीच. विजेच्या ऐवजीं प्रकाशाचा ठोका सोडावयाचा आणि तो परतण्यास किती क्षण लागतात यावरून मैल काढावयाचे. २०१४ च्या डिसेंबरांत अडथळा निराळ्याच प्रकारचा आला. दूरसंचार विभागाच्या आज्ञेनें ३२ संकेतस्थळें बंद झालीं, आणि त्यांत आज्ञावल्यांचे लहान तुकडे ठेवण्याचा गिटहबचा विभागहि सांपडला. कारण दहशतवादी प्रचाराचें होतें. पण प्रामाणिक आज्ञावलीकार घरीं बसून आपल्याच यंत्रांत दोष शोधीत राहिले. पाट अडविणारा सरकारी माणूस असेल, ही शंका कोणास लवकर येत नाहीं. पुढच्या महिन्यांत त्यांपैकीं कांहीं स्थळें मोकळीं झालीं.

परंतु खरी परीक्षा २४ मार्च २०२३ रोजीं झाली. गिटहबच्या यंत्राची एक गुप्त किल्ली चुकून थोडा वेळ चव्हाट्यावर राहिली. चोरानें ती उचलली असती तर तोतयाला खऱ्याचें सोंग वठवितां आलें असतें; म्हणून गिटहबनें ती तत्काळ बदलली. त्या दिवशीं जगभरच्या असंख्य पडद्यांवर मोठ्या अक्षरांत इशारा झळकला कीं, पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे, मधें कोणी कान लावून बसला असण्याचा संभव आहे. आतां काय करावें? ओळखीच्या यंत्रांची यादी घरच्या संगणकावर असते. तींतली जुनी ओळ खोडली कीं इशारा नाहींसा होतो आणि काम सुरू होतें. घाईंतल्या माणसानें नेमकें हेंच केलें. त्या दिवशीं त्याचें कांहीं बिघडलें नाहीं, पण तोतया असता तर त्यानेंच त्याला पाट मांडून घरांत घेतलें असतें. सावध माणसानें प्रथम गिटहबनें स्वतः प्रसिद्ध केलेली नव्या किल्लीची खूण दुसऱ्या मार्गानें वाचली, पडद्यावरच्या खुणेशीं अक्षर न् अक्षर ताडून पाहिली, आणि मगच जुनी ओळ काढली. दोघांमध्यें अंतर पांच मिनिटांचें. वाट उघडण्याच्या भरांत कुलूपच काढून टाकावयाचें हा मोह सर्वांत घातुक. तार तुटली तर एक दिवसाचें काम बुडतें, कुलूप गेलें तर सबंध दप्तरच परक्याच्या हातीं जातें, आणि त्या मुलावर विसंबलेल्या दहाजणांचेंहि जातें.

चोरखमाऱ्यासारख्या ठिकाणीं एक गोष्ट मात्र पूर्वींपेक्षां बरी आहे. सीव्हीएसच्या काळीं वही एकच आणि ती दूरच्या यंत्रावर. तार गेली कीं नवी नोंद करणेंच अशक्य. एप्रिल २००५ मध्यें लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं गिट लिहिलें, त्यांत प्रत्येकाच्या हातीं सबंध वहीची प्रत असते, पहिल्या पानापासून आजच्या ओळीपर्यंत. आषाढांत चार दिवस तार गेली, तरी मुलगा आपल्या प्रतींत नोंदी करीतच राहतो. थांबते ती फक्त देवघेव. २२ क्रमांकाचें दार कोणा पहारेकऱ्यानें बंद केलेलें असेल, तर गिटहबनें तीच किल्ली घेऊन ४४३ क्रमांकाच्या दारानें येण्याची सोय ठेविली आहे, आणि तें दार सहसा कोणी बंद करीत नाहीं. पांचव्या दिवशीं जोडणी आली कीं दोन्हीं वह्या एकमेकींशीं ताडल्या जातात आणि पलीकडे नसलेल्या तेवढ्याच नोंदी तारेवरून जातात. बहुधा ९६०० बिटांच्या त्या जुन्या नळींतूनहि त्या मिनिट-दोन मिनिटांत गेल्या असत्या.